माइक घ्यायला गेलो आणि सीलपाशी अडकलो

घरी भावगीतं रेकॉर्ड करायची, एवढीच माझी गरज. इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारा आणि त्याचा आवाज वाढवणारा डबा, आधीपासून होता (या वाढीला गेन म्हणतात, ती डेसिबल म्हणजे डीबीत मोजतात). स्टँड, केबल, पॉप फिल्टर ऑनलाइन मागवले, तेही वेळेवर आले. घोडं अडलं ते माइकपाशी. आजही आठवलं की डोकं तापतं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात विचारलं, "माझ्या इंटरफेसला जास्तीत जास्त ५६ डीबी गेन आहे. शुअरचा एसएम७बी त्यावर पुरेसा उचलेल का?"

"अहो, सगळे पॉडकास्टवाले हाच नेतात."

"ते तोंडाजवळ धरून खणखणीत बोलतात. मी हळू गातो."

"फँटम आहे ना तुमच्याकडे? मग झालं!"

काय झालं? एसएम७बी डायनॅमिक माइक आहे, त्याला ४८ व्होल्टच्या फँटमची, म्हणजे केबलमधून माइकला जाणाऱ्या विजेची, गरजच नसते. त्याला हवा असतो गेन, आणि तो कंपनीच किमान ६० डीबी सांगते. म्हटलं, लावून ऐकवा. "सील तुटलं की माल परत नाही." मग शोकेसमधला? "तो शोसाठी आहे." मालकांशी बोलतो म्हटलं, तर ते जेवायला गेलेले. बसायला स्टूल नाही, मागून येणारी गिऱ्हाइकं स्पीकर घेऊन चाललेली, आणि मी आपला काउंटरला टेकून उभा. अखेर मालक आले, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग सोबत बूस्टर घ्या ना." म्हणजे गेन कमी पडणार, हे आत्तापर्यंत कबूल नव्हतं, वस्तू विकायची म्हटल्यावर लगेच पटलं! माइक आणि इंटरफेसच्या मध्ये लावायचा हा बूस्टर साधारण २५ डीबी देतो आणि फँटमवर चालतो हे खरं. पण वर आणखी ट्यूब प्रीअँपही (माइकचा सिग्नल वाढवणारं वेगळं यंत्र) सुचवला, "आवाजाला वॉर्मनेस येतो" म्हणून. नमस्कार केला आणि बाहेर पडलो.

हिशोब साधा आहे, पण तो कोणी काउंटरवर सांगत नाही. ९४ डीबी आवाजाला एसएम७बी साधारण १.१ मिलिव्होल्ट देतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा कंडेन्सर, म्हणजे फँटमवर चालणारा जास्त संवेदनशील माइक, तेवढ्याच आवाजाला १४ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे जवळपास २२ डीबी फुकटात. हळू गाणाऱ्याला हा फरक मोठा. डायनॅमिकवर गेनचं बटण शेवटाला न्यावं लागतं आणि स्वस्त इंटरफेसमधल्या प्रीअँपची तिथे खरखर सुरू होते. म्हणून माइक आणि प्रीअँप वेगवेगळे निवडायचेच नसतात, जोडी बघायची.

पलीकडच्या गल्लीतल्या एका लहान दुकानात मात्र पोरानं काही न बोलता डेमोचा एटी२०२० काढून दिला. इंटरफेस, लॅपटॉप आणि हेडफोन मी पिशवीत घेऊनच गेलो होतो (तुम्हीही न्या, दुकानातल्या मिक्सरवर ऐकून काही कळत नाही). खर्जातला सा लावला, गेन निम्म्यावर, आवाज भरपूर. तिथेच पैसे दिले. वेगळा प्रीअँप घेतला नाही, आणि त्याचा मला अजून आनंद आहे.

कंडेन्सर पंखा, कुकरची शिट्टी, खालची रिक्षा सगळं ऐकतो. मी रात्री अकरानंतर पंखा बंद करून गातो. तुमची खोली रस्त्यावर असेल आणि आवाज दणदणीत असेल, तर सरळ डायनॅमिक घ्या, माझं ऐकू नका. खोलीचा घुमारा कमी करायला गोधडी टांगायची तर गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगा. एटी२०२०सारख्या कार्डिऑइड माइकला त्याच्या स्वतःच्या मागचं कमी ऐकू येतं, त्याचा रोख तुमच्याकडे आणि तुमच्या मागच्या भिंतीकडे असतो. अंतर एक वीत ठेवा, फार जवळ गेलात तर खर्ज फुगतो.

हो, आणि केबल काढण्याआधी फँटम बंद करा. त्या पोरानं हे न विचारता सांगितलं होतं.