गोसीखुर्दच्या काठावर

आज भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावठाणात दिवस गेला. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी झाली, तेव्हा अंदाजित खर्च 372 कोटी रुपये होता आणि अडीच लाख हेक्टर शेती ओलिताखाली येणार होती. पुढे 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. खर्च किती पटींनी वाढला, हे सर्वश्रुतच आहे.

मला मात्र मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या एका आजोबांशी बोलायचे होते. सातबारा नावावर असलेल्यांना मोबदला मिळाला, तो पुरेसा होता की नाही हा वेगळा वाद. पण नदी आटल्यावर पात्रातल्या वाळूत डांगरवाडी (टरबूज-काकडीसारख्या वेलींची बाग) लावणाऱ्याच्या नावावर कसला कागद असणार? ओसरीत बसून जाळ्याची फाटलेली घरे नायलॉनच्या दोऱ्याने सांधत ते म्हणाले, "घर भेटलं भाऊ, पण धंदा बुडाला." नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून, पुढे कन्हानमार्गे, याच जलाशयात येते, त्यामुळे मासळीबद्दल बोलताना त्यांचा आवाज चढला. मला तो राग अगदी रास्त वाटला. पुनर्वसनाच्या हिशेबात जमीन आणि घर मोजले जाते, नदीवरचा रोजगार बहुधा नाहीच.