तुम्ही विचारलंत म्हणून: पहिल्यांदा पडल्यावरच का थांबले नाही

कुबड्या जाऊन वर्ष झालं, तरी भेटणारं माणूस हेच विचारतं: "पहिल्यांदा पडलात, तेव्हाच का नाही थांबलात?" परदेशातली सुट्टी, बर्फाचा उतार, स्कीइंग, नंतरची शस्त्रक्रिया, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मी फक्त दोन पडण्यांमधली ती दहा मिनिटं सांगते.

पहिल्यांदा पडले तेव्हा मी वेगात नव्हते, जवळजवळ थांबतच आले होते. तोल मागे गेला, बूड गुडघ्यांच्या खाली गेलं, आणि उताराकडच्या स्कीची मागची आतली कड बर्फात रुतून वळली. तिच्याबरोबर गुडघाही पिळला गेला. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडणारी पकड, सुटलं नाही. ते नीट लावलं नसेल, असं तुम्ही म्हणता. नीटच लावलं होतं. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी, सगळं विचारून. पण बाइंडिंग मुख्यतः नडगीचं हाड वाचवायला असतं. सावकाश पडताना गुडघ्याला बसणारा असा पीळ त्याला बरेचदा कळतच नाही.

टक् असा आवाज आला. दोन मिनिटं जीव कळवळला, मग कळ ओसरली आणि मी उभी राहिले. सूज नव्हती. पाय टेकवता येत होता. खालच्या वळणावर माझी दहा वर्षांची लेक थांबली होती. सकाळी ती रडत होती, उतारावर यायलाच तयार नव्हती. "पडलं की उठायचं, एवढंच असतं," असं मीच तिला सांगितलं होतं. ती खालून ओरडली, "आई, लागलं का गं?"

मी म्हटलं, "नाही."

नवरा म्हणाला, "बसून राहा, मी मदत बोलावतो." मी ऐकलं नाही. आईला स्ट्रेचरवर बांधून नेताना बघितलं, तर पोर पुन्हा कधी बर्फावर पाय ठेवणार नाही, असं मला वाटलं. सरळ उतरताना काही झालं नाही. डावीकडे वळायला गेले आणि वरचं हाड खालच्या हाडावरून सरकल्यासारखं झालं. या वेळी मी किंचाळले. लेकीपासून जे लपवायचं होतं ते सगळं तिने पाहिलं: घसरगाडी, पट्टे, पायाला बांधलेल्या फळ्या. वर माझी किंकाळी.

चालता येतंय म्हणजे काही फाटलेलं नाही, असं मला खरंच वाटत होतं. ते चूक होतं. एसीएल, म्हणजे गुडघ्यातली दोन हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण फाटलं तरी माणूस सरळ चालू शकतो. वळताना गुडघा दगा देतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण आवाज मी ऐकला होता. तो ऐकला नाही, असं मी कुणालाच सांगू शकत नाही.

एमआरआयमध्ये एसीएलबरोबर आतल्या बाजूची गादीही, म्हणजे मेनिस्कस, फाटलेली दिसली. लिगामेंट पहिल्या वेळीच गेलं असणार. गादी कधी गेली, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. चित्रावरून ते सांगता येत नाही, म्हणाले. म्हणजे तेव्हाच न थांबल्याची किंमत किती, तेही मला कळणार नाही.

"खेळाडू नाही का पुन्हा उभे राहत?" म्हणून अमेरिकी स्कीपटू लिंडसी व्हॉनचं उदाहरण देणाऱ्यांनी तिचं पुढचं वर्षही आठवावं. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑस्ट्रियातल्या श्लाडमिंगला शर्यतीत तिचा गुडघा गेला, त्याच नोव्हेंबरात सरावात तोच गुडघा पुन्हा दुखावला आणि २०१४ चं सोची ऑलिंपिक हुकलं. उभं राहता येणं आणि गुडघा तयार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लेकीसाठी उतरले, असं मी वर्षभर सांगत आले. गेल्या महिन्यात नवरा म्हणाला, तू तिचं नावही घेतलं नव्हतंस. "शेवटचाच दिवस आहे, खाली जाऊन बघू," एवढंच म्हणालीस. मला ते आठवत नाही. तो खोटं बोलत नाही, हेही मला माहीत आहे.