गोळी आज, गुण तीन आठवड्यांनी

मिरजेत औषधांचे दुकान चालवणाऱ्याला मानसोपचाराच्या चिठ्ठ्या नवीन नसतात. सांगली जिल्ह्यातले रुग्ण येतातच, शिवाय अथणी, जमखंडीकडचेही येतात, आणि ‘डोक्याच्या डॉक्टरां’ची चिठ्ठी बहुतेक जण चौघडी घालून, दुकानात दुसरे गिऱ्हाईक नाही असे पाहून पुढे करतात. एसिटालोप्राम किंवा फ्लुओक्सेटीन या नैराश्यावरच्या गोळ्या घेऊन गेलेला माणूस आठवड्याभरात परत येतो आणि विचारतो, “काका, काहीच फरक नाही, गोळी बदलून घेऊ का?” गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे मी सांगतो. पण ते का लागतात, याचा शोध घेता घेता मी मेंदूच्या अभ्यासक डॉ. विदिता वैद्य यांच्या संशोधनापर्यंत पोहोचलो. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) सुमारे पाव शतक चाललेले हे काम आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही, याचे मला नवल वाटते.

कोडे असे आहे. या गोळ्या मेंदूतल्या चेतापेशींमधल्या फटीतील सेरोटोनिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोहोचवणारे रसायन, परत शोषले जाऊ देत नाहीत, आणि हा परिणाम काही तासांतच सुरू होतो. नैराश्य म्हणजे केवळ सेरोटोनिनची टंचाई असती, तर रुग्णाला दुसऱ्याच दिवशी हुशारी वाटायला हवी होती. १९९०च्या दशकात येल विद्यापीठात रोनाल्ड ड्यूमन यांच्या प्रयोगशाळेत असे दिसले की, नैराश्यावरची औषधे दीर्घकाळ दिल्यावर उंदरांच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागामध्ये बीडीएनएफ हे चेतापेशींचे पोषण करणारे प्रथिन वाढते. म्हणजे खरा बदल पेशींच्या घडणीत, सावकाश होत असावा. वैद्य यांनी पीएच.डी. तिथेच केली. ताणामुळे हिप्पोकॅम्पसमधील बीडीएनएफ घटते आणि त्या घटीत सेरोटोनिनच्या २-ए या ग्राहीचा (पेशीवर सेरोटोनिनचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाचा) हात असतो, हे त्यांनी सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये दाखवले. पुढे स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्था आणि मग ऑक्सफर्ड करून २००० मध्ये त्या मुंबईत परतल्या. (टीआयएफआर म्हटले की आपल्याला भाभा आणि अणू आठवतात, तिथे उंदरांच्या चिंतेवरही काम चालते, हे मलाही उशिराच कळले.)

त्यांच्या कामातला मला सर्वांत विचारात पाडणारा भाग बालपणीच्या ताणाचा आहे. जन्मानंतरच्या दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत उंदरांच्या पिल्लांना रोज तीन तास आईपासून दूर ठेवायचे आणि मग परत तिच्याजवळ सोडायचे, एवढाच हा प्रयोग. ही पिल्ले मोठी झाल्यावर त्यांना जमिनीपासून उंचावर ठेवलेल्या, अधिकच्या चिन्हासारख्या मार्गिकेवर सोडतात; तिच्या दोन भुजांना भिंती असतात, दोन उघड्या असतात. एरवीचा उंदीर बिचकत का होईना, उघड्या भुजेत चक्कर मारतो, तर ही जनावरे भिंतींच्या आडोशाला अधिक वेळ दडून राहतात. त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात सेरोटोनिनच्या त्याच कुळातील ग्राहींचा प्रतिसाद वाढलेला आढळतो, आणि ताटातुटीच्या त्या दिवसांतच हे ग्राही औषधाने रोखले, तर प्रौढपणीची ही चिंता बऱ्याच अंशी टळते.

याहून चक्रावणारी गोष्ट फ्लुओक्सेटीनची आहे. प्रौढ वयात चिंता आणि नैराश्य कमी करणारे हे औषध उंदरांच्या अगदी कोवळ्या वयात दिले, तर मोठेपणी ती जनावरे उलट अधिक चिंताग्रस्त होतात. हे न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २००४ मध्ये उंदरांवर दाखवले आणि वैद्य यांच्या प्रयोगशाळेनेही पुढे त्याचा माग काढला. आम्ही दुकानदार मिलिग्रॅम पाहतो, जेवणाआधी की नंतर ते पाहतो, मुदत पाहतो. एकच रेणू मेंदूच्या घडणीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर विरुद्ध परिणाम करू शकतो, हे मात्र कोणत्याही वेष्टनावर दिसत नाही. अर्थात हे प्रयोग उंदरांवरचे आहेत, आणि ते वाचून एखाद्या गरोदर बाईने चालू गोळी आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे ठरेल. तो निर्णय तिने आणि तिच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे.

२०१५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर आणि २०२२ मध्ये इन्फोसिस असे दोन्ही पुरस्कार त्यांना मिळाले, त्याच्या बातम्याही आल्या. पण पुरस्कारांपेक्षा २०१९ मधला एक निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. सेरोटोनिन त्याच २-ए ग्राहीमार्फत चेतापेशींमधील तंतुकणिकांची, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या घटकांची, निर्मिती वाढवते, पेशीत एटीपी हे तिचे इंधन अधिक तयार होते आणि पेशी ताणापुढे अधिक टिकाव धरते, असे त्यांच्या चमूने दाखवले. म्हणजे ज्या रसायनाकडे आपण केवळ मनःस्थितीचा निरोप्या म्हणून पाहत होतो, ते पेशीच्या ऊर्जेचा कारभारही पाहते. नैराश्याचे कितीतरी रुग्ण काउंटरवर उदासीबद्दल चकार शब्द काढत नाहीत. “अंगात त्राणच नाही, एखादे टॉनिक द्या,” एवढेच म्हणतात. पेशीतल्या एटीपीपासून माणसाच्या थकव्यापर्यंतचा पल्ला अजून कोणी पूर्ण जोडलेला नाही, आणि टॉनिकच्या बाटलीचा तर त्याच्याशी काही संबंध नाही. म्हणून ती बाटली विकण्याऐवजी मी चिठ्ठीवरची पुढची तारीख दाखवतो आणि तोवर गोळी चुकवू नका, असे सांगतो.