जर्मनीच्या ऑफिसची पँट, रत्नागिरीची शिलाई

जर्मनीत बायकांच्या कपड्यांचे नेहमीचे साइझ १६८ सेंटिमीटर उंची धरून कापलेले असतात. माझी उंची पाच फूट, म्हणजे १५२. ३८ नंबरची पँट कमरेला बरोबर बसते आणि घोट्यापाशी गोळा होते. तिथला अल्टरेशनवाला खालून कापून देतो, पण गुडघ्याची जागा नडगीवर उतरलेली असते ती तो कशी वर आणणार? आसन, म्हणजे दोन पायांमधला भाग, लोंबतं ते लोंबतंच. ब्लेझरची बाही आखूड करता येते, खांदा नाही. म्हणून या डिसेंबरात माहेरी जाताना ठरवूनच गेले होते, ऑफिसचे कपडे रत्नागिरीत शिवून घ्यायचे. कोणाला असंच करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहिते.

मुंबईहून मांडवी एक्स्प्रेसने गेले. दिवसाची गाडी, खायला भरपूर, खिडकीतून चिपळूणनंतरचं कोकण बघत जाता येतं. रत्नागिरी स्टेशन गावाबाहेर आहे, रिक्षा करावीच लागते. कापडासाठी राम आळी. गाडी तिथे नेऊ नका, मारुती मंदिराच्या बाजूने रिक्षा करून या आणि आळीत पायी फिरा.

पहिला सल्ला: नातेवाईक, मांडवीचा समुद्र, फणसपोळी, सगळं नंतर. पोचल्यावर आधी टेलर. ट्रायल होते, दुरुस्ती होते, मध्ये मास्तरांच्या गावची जत्रा निघते. परतीच्या आदल्या दिवशी कपडे हातात पडले तर बिघाड सुधारायला कोणी उरत नाही. मास्तरांना तारीख सांगताना विमानाच्या चार दिवस आधीची सांगा, हे खोटं बोलणं नव्हे, व्यवहार आहे. गणपतीच्या आधी आणि एप्रिल-मेच्या लग्नसराईत मात्र जाऊच नका. पावसाळ्यात भिजवलेलं कापडही वाळत नाही.

कापड घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ५८ इंची पन्ह्यात माझ्या मापाची पँट सव्वा मीटरमध्ये आरामात होते, फुल बाहीचा शर्ट दीड मीटरमध्ये. ३६ पन्ह्याचं सुती कापड असेल तर शर्टाला सव्वादोन मीटरच्या आसपास लागतं. पँटीसाठी मी टेरीवूल, म्हणजे पॉलिएस्टर आणि लोकरीचं मिश्र कापड, घेतलं; सुरकुत्या कमी पडतात आणि जर्मनीच्या हवेत चालतं. सुती कापड आणल्याबरोबर रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, मग टेलरकडे द्या. तिकडे मशीन ४० डिग्रीवर लावलं की न भिजवलेला शर्ट पहिल्याच धुण्यात आखूड होतो, आणि ड्रायरमध्ये टाकला तर विचारूच नका. रंग जातो का, तेही याच वेळी कळतं.

आता मुख्य गोष्ट. ऑफिसची पँट आणि कॉलरचा शर्ट लेडीज टेलरकडे टाकू नका. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस त्यांनीच शिवावा, पण पँटीचा पट्टा, खिसे आणि कॉलरचं कॅनव्हास हा जेंट्स टेलरचा हात आहे. अडचण एवढीच की ते बायकांचं काम घेत नाहीत.

"ताई, लेडीज पँट आम्ही करीत नाय," आमचे मास्तर टेपसुद्धा गळ्यातून न काढता म्हणाले. मी वाद घातला नाही. त्यातल्या त्यात बरी बसणारी जुनी पँट बरोबर नेली होती, ती काउंटरवर ठेवली. त्यांनी ती उलटी केली, आसनाची शिवण दोन बोटांत धरून ताणून बघितली, आत किती माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, सोडलीय ते बघितलं, आणि म्हणाले, "कापड आणलाव?" काम मिळालं. ते स्वतः माप घ्यायला संकोचत होते, तेव्हा आईने त्यांच्या सांगण्याप्रमाणे टेप धरला आणि ते वहीत लिहीत गेले. शेवटी मला स्टुलावर बसवून कमरेपासून स्टुलापर्यंतचं माप घेतलं. आसनाची खरी खोली बसल्यावरच कळते, हे जर्मनीतल्या कुठल्याही ट्रायल रूममध्ये मला कोणी सांगितलं नव्हतं.

माप देताना मी आतून थर्मल घालून गेले होते. रत्नागिरीच्या दमट दुपारी घामाने निथळत होते आणि मास्तर हसत होते. पण हिवाळ्यात पँटीच्या आत ते असणारच, तर माप त्यासकटच द्यायला हवं. आणखी दोन गोष्टी सांगून ठेवा: मागच्या शिवणीला इंचभर माया आत ठेवा, म्हणजे वजन वाढलं तर सोडता येते, आणि खिसे पुरुषांच्या पँटीसारखे खोल. मास्तरांना ही मागणी फार आवडली. ट्रायलला ऑफिसचेच बूट घालून जा, चपलेवर उंची चुकते.

सगळंच तिथे शिवून होत नाही. हिवाळी कोट, जाड जॅकेट, ताणली जाणारी जीन्स यांच्या नादी कोकणात लागू नका. ते जर्मनीतच घ्या, पण हुशारीने. तिथे आखूड बांध्यासाठी वेगळे नंबर असतात: ३८ चा निम्मा १९, ४० चा २०. उंच बायकांना दुप्पट, ३८ चे ७६. हे १९-२० दुकानात क्वचित टांगलेले दिसतात, ऑनलाइन मिळतात, आणि ऑनलाइन घेतलेलं १४ दिवसांत परत करता येतं. जॅकेटसाठी मुलांच्या विभागात जायला लाजू नका. तिथले नंबर म्हणजे थेट उंचीचे सेंटिमीटर, १५२, १५८, १६४. भावही कमी. पँट मात्र तिथली घेऊ नका, नितंबांचा विचारच नसतो त्यात.

पैशांचं म्हणाल तर रोख ठेवा, भारतातला फोन नंबर चालू नसेल तर यूपीआयची पंचाईत होते. कस्टम्सची धास्ती नको: विमानाने जर्मनीत शिरताना बाहेरून आणलेल्या ४३० युरोपर्यंतच्या वस्तूंवर जकात नसते, आणि पाच-सहा कपड्यांची शिलाई कापडासकट त्याच्या जवळपासही जात नाही.

निघण्याआधी मास्तरांच्या वहीतल्या तुमच्या पानाचा फोटो काढून घ्या. आमच्या पानावर नावाच्या जागी "जर्मनीवाल्या ताई" लिहिलंय. पुढच्या वेळी आई कापड घेऊन नुसती जाईल, आणि मी पोचेपर्यंत ट्रायल तयार असेल.