वायपरचे ओरखडे
आजचा अर्धा दिवस पुढच्या काचेवरच्या वायपरच्या ओरखड्यांत गेला. आधी नख फिरवून बघायचं. अडकलं तर पॉलिशचा नाद सोडा. तेवढं खोल घासलं की काचेत खळगा पडतो आणि रात्री समोरचे दिवे वेडेवाकडे दिसतात. नाही अडकलं, तर सेरियम ऑक्साइडची, म्हणजे काच पॉलिश करायची पूड पाण्यात दाट ताकासारखी कालवायची, दाबलेल्या लोकरीचं फेल्ट पॅड लावून पॉलिशचं मशीन कमी वेगात सतत सरकतं ठेवायचं. पेस्ट सुकू द्यायची नाही, थोडं थोडं पाणी फवारत राहायचं. हाताला चटका बसायला लागला की थांबा. एकाच जागी तापलेली काच तडकते. टूथपेस्टचा उपाय? दात घासा त्याने. वायपरचं जुनं रबर मात्र बदलाच, त्यात अडकलेली वाळू परत तीच चंद्रकोर काढते.