बायपासनंतर ईसीजीवर ‘ब्लॉक’ आला तेव्हा

माझ्या डिस्चार्ज पेपरवर ‘न्यू एलबीबीबी’ अशी ओळ होती, म्हणजे नव्याने आलेला लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक. ‘ब्लॉक’ वाचलं की घरचे एकच अर्थ काढतात: शीर पुन्हा बंद झाली. पण शिरेतला ब्लॉकेज वेगळा, आणि ठोक्याचा विद्युतसंदेश नेणाऱ्या फांदीतला अडथळा वेगळा. ऑपरेशननंतर लगेच असा बदल दिसला तर ग्राफ्ट (बायपाससाठी जोडलेली नवी शीर) नीट चालू आहे ना, हे डॉक्टर आधी तपासतात. ग्राफ्ट ठीक असेल तर कारण बहुधा ऑपरेशनच्या पद्धतीतच असतं. हृदय थांबवायला पोटॅशियमयुक्त थंड द्राव देतात, काही काळ रक्तपुरवठा बंद असतो, हृदयाच्या डाव्या-उजव्या कप्प्यांमधल्या पडद्याला सूज येते. जास्त वेळा उजव्या फांदीचा ब्लॉक दिसतो आणि तो बऱ्याचदा काही तासांत किंवा दिवसांत जातो.

छातीच्या हाडाखालून बाहेर आलेल्या बारीक तारा याचसाठी असतात. नाडी फार मंदावली तर बाहेरच्या पेसरने (ठोके देणाऱ्या यंत्राने) ठोके देता येतात. लय स्थिर राहिली की तारा पलंगावरच ओढून काढतात. त्यानंतर काही वेळ पडून राहायचं आणि बीपी मोजून घ्यायचं, कारण क्वचित हृदयाभोवती रक्त साचतं. पूर्ण ब्लॉक (वरच्या कप्प्यांचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नाही असा) पाच-सात दिवसांनीही टिकला तर कायमच्या पेसमेकरचा विचार होतो. नुसत्या बायपासनंतर अशी वेळ शंभरात एखाद्यावर येते. सोबत झडप बदलली असेल तर जास्त जणांवर.

माझा एलबीबीबी टिकला, म्हणून पुढचं सगळं लक्ष ईसीजीच्या कागदावर. ऑपरेशनआधीचा ईसीजी जपून ठेवा, आणि थर्मल कागदाची छपाई पुसट होते म्हणून झेरॉक्सही काढा. कागदाच्या नेहमीच्या वेगात एक छोटा चौकोन म्हणजे 0.04 सेकंद. क्यूआरएस (संदेश खालच्या कप्प्यांत पसरायला लागणारा वेळ) तीन चौकोनांहून कमी हवा, पीआर (संदेश वरून खालच्या कप्प्यांपर्यंत यायला लागणारा वेळ) पाचांपर्यंत. दर खेपेला मी हेच दोन आकडे जुन्या कागदाशी ताडून बघतो. क्यूआरएस आधीच रुंद असताना पीआर वाढत चालला आणि चक्करही येऊ लागली, तर २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून फिरायचं ईसीजी यंत्र) लावायला सांगतात.

औषधांकडे माझ्या मते रुग्णांचं सर्वांत कमी लक्ष जातं. ऑपरेशननंतर एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची अनियमित लय) झाला तर मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन यांपैकी काही सुरू होतं, आणि ही तिन्ही एव्ही नोडमधून (वरच्या कप्प्यांतून खाली संदेश सोडणाऱ्या गाठीतून) जाणाऱ्या संदेशाचा वेग कमी करतात. एएफ थांबल्यावरही डोस तसाच चालू असेल तर ‘हा अजून लागतो का?’ असं विचारा. स्वतःहून गोळी बंद करू नका. मेटोप्रोलॉल अचानक सोडणं धोक्याचं आहे.

एलबीबीबीत डावा कप्पा एका लयीत आकुंचन पावत नाही, त्यामुळे काहींची पंपिंगची ताकद हळूहळू घटते. म्हणून टूडी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) ईएफ आकडा, म्हणजे दर ठोक्याला डावा कप्पा किती टक्के रक्त बाहेर टाकतो तो, वेळोवेळी बघावा लागतो. ईएफ ३५ टक्के किंवा कमी आणि क्यूआरएस १५० मिलिसेकंदांच्या वर असेल, तर औषधं चालू असूनही त्रास होतोय का हे पाहून सीआरटी पेसमेकरचा (दोन्ही खालच्या कप्प्यांना एका लयीत आणणाऱ्या पेसमेकरचा) विचार करतात. ट्रेडमिलचा ईसीजी या ब्लॉकमध्ये फसवा असतो, त्यामुळे टीएमटी (ट्रेडमिलवरची चाचणी) लिहून दिली तर एलबीबीबी आहे हे आधी सांगा.

क्षणभरही शुद्ध हरपली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या.