स्टिक चौथ्या महिन्यात मिळाली

(माजी विद्यार्थी, दहावी १९९५)

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा निरोप घेऊन शाळेतली दोन मुलं बेळगावच्या उद्यमबागेत आली तेव्हा मी लेथवर होतो. निबंधात मला वीसपैकी सहा पडायचे, त्यामुळं मराठीच्या बाईंनी हे वाचू नये. वर्गातलं फारसं आठवत नाही. शाळेमागच्या सिमेंटच्या कोर्टाबद्दल आणि तिथल्या रोलर हॉकीबद्दल मात्र सांगू शकेन.

१९९२ साली बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये रोलर हॉकी प्रदर्शनीय खेळ म्हणून खेळवली गेली आणि अर्जेंटिनानं स्पेनला त्यांच्याच घरी हरवलं. आमच्या पी.टी.च्या सरांनी ते वाचलं आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवीतल्या बारा पोरांना कोर्टावर उभं केलं. हॉकी बेळगावला नवी नव्हती. १९६४ला टोकियोत सुवर्ण जिंकलेल्या संघातले बंडू पाटील आपल्या गावचेच. पण पायाला चाकं लावून हॉकी? आमचे आप्पा म्हणाले, "चालायला येतंय नीट, म्हणून चाकं होय?"

काकांनी माळ्यावरची आपली जुनी स्टिक काढून दिली. मी ती मिरवत नेली. सरांनी उलटीसुलटी करून बघितली. "ही एकाच बाजूनं सपाट आहे बघ. मैदानावर एकाच बाजूनं खेळतात. आपली दोन्ही बाजूंनी सपाट असते, दोन्ही अंगांनी बॉल घ्यायचा. ही काकांना परत दे, आणि आपली कधी मिळणार ते विचारू नको." बॉल मात्र मैदानी हॉकीएवढाच टणक, १५५ ग्रॅमचा. तो नडगीवर बसला की शिनगार्ड का घालायचं ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

शाळेकडं सहा जोड पत्र्याचे स्केट होते, चावीनं लांबी कमी-जास्त करायचे, पट्ट्यानं बांधायचे. ते पायात हलायचे. म्हणून आप्पांच्या मागं लागून मी बुटाचे स्केट घेतले आणि पहिली चूक तिथंच केली. आई म्हणाली वाढतं अंग आहे, दुकानदार म्हणाला दोन नंबर मोठे घ्या, दोन वर्षं बघायला नको. पुढं कागदाचे बोळे कोंबले. आठवड्यात टाचेला फोड, आणि वळताना बूट एकीकडं, पाय दुसरीकडं. सरांनी मला बसवून नाडी बांधली आणि टाच उचलायला सांगितली. बुटात टाच वर आली. "हा बूट तुझा नव्हे, तुझ्या दादाचा." बोटं पुढं जेमतेम टेकावीत, मुडपू नयेत, आणि टाच अजिबात उचलू नये, एवढंच बघायचं. बूट दादाला गेले. ते वर्ष मी वर्गमित्राच्या जुन्या जोडावर काढलं. आई-बापांनी ते टाचेचं वाक्य कापून ठेवलं तरी चालेल.

स्टिक नाही, मग तीन महिने काय केलं? पडलो. पहिला आठवडा नुसतं पडायचं शिकलो. "मागं पडलास तर माकडहाड, पुढं पडलास तर नीपॅड. कुठलं परवडतंय बघ." पुढं पडायचं तर वजन पुढं हवं, म्हणून गुडघे वाकलेले, नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली, नजर समोर. किती वाकायचं, हे सर असं सांगायचे: भांगलायला बसता बसता बांधावरून कुणी हाक मारली तर माणूस जिथं अडेल, तिथं. निम्मी पोरं घरी कानडी बोलणारी, त्यांच्यासाठी आरोळी वेगळी, "मोणकालु बग्गिसु!" म्हणजे गुडघे वाकव. महिन्याभरात आम्हा मराठी पोरांनाही गुडघ्यासाठी तोच शब्द तोंडात बसला आणि सरांचं नाव पडलं बग्गिसु सर. त्यांना ते माहीत होतं, असं मला आता वाटतं.

मग थांबणं. मागचा पाय आडवा करून टीसारखा घासत आणायचा, पण सगळं वजन पुढच्या पायावर. आम्ही मागच्यावर टाकायचो आणि गरकन फिरायचो. पुढच्या रबरी टोस्टॉपवर उभं राहून दोन-तीन पावलं पळत सुटायचं, हे खरं हॉकीचं. पाचजणांचा संघ, ४० बाय २० मीटरचा रिंक. तिथं लांब पल्ला नाहीच, थांबा आणि सुटा एवढंच. दोन-दोनच्या जोडीत चार चाकं असलेला स्केट म्हणूनच लागतो, जागच्या जागी फिरतो. एका ओळीतल्या चाकांवर पक, म्हणजे चपटी चकती, घेऊन खेळतात ती इनलाइन हॉकी वेगळी. पोराला कुठली शिकवणार ते आधी विचारा, मग पैसे काढा.

वळण्यात एक गंमत होती. स्केटिंग करणारं पोर डावीकडं आपोआप वळतं, कारण सगळीकडं फेऱ्या डावीकडूनच घालतात. सर दिवसाआड फेरा उलटा करायचे. उजव्या वळणावर बाहेरचा पाय आतल्या पायावरून टाकताना आम्ही लहान मुलं व्हायचो. हुबळीला एकदा खेळायला गेलो आणि सात-शून्य हरलो, पण समोरची पोरं फक्त डावीकडं वळतात हे आम्ही दुसऱ्याच मिनिटाला ओळखलं होतं. उपयोग काहीच करता आला नाही, ती गोष्ट वेगळी.

आता माझ्या धंद्यातलं थोडं. स्केटच्या चाकात ६०८ नंबरचं बेअरिंग असतं, आत ८, बाहेर २२, जाडी ७ मिलिमीटर. त्यावर एबेकचे, म्हणजे बेअरिंग किती अचूक बनवलंय त्याचे, आकडे छापून जास्त पैसे घेतात. ६२ मिलिमीटरचं चाक ताशी २० किलोमीटरनं पळालं तरी मिनिटाला १७०० फेरे होतात, माझा लेथ त्याहून जोरात फिरतो. नवशिक्यानं आकड्याला भुलू नये, बेअरिंग स्वच्छ ठेवावं. आम्ही रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचो. पाण्यानं कधीच नाही. आपल्याकडं जून ते सप्टेंबर कोर्ट ओलंच, तेव्हा स्केट कोरडे करून ठेवायचे. चाकांवरचा कडकपणाचा आकडा मात्र बघावा. जितका मोठा तितकं चाक कडक. गुळगुळीत फरशीवर फार कडक चाक घसरतं, खडबडीत सिमेंटवर फार कडक चाकानं दात वाजतात. आतल्या कडा आधी झिजतात, म्हणून चाकं अधूनमधून बदलून उलटी लावायची. आणि ट्रकचा नट. ट्रक म्हणजे बुटाखाली चाकांचा आस धरणारा भाग. नट पुरता आवळला तर स्केट वळत नाही, फार सैल केला तर पाय डगमगतो. सर पाव फेरा सोडायचे, आठवडा बघायचे, मग पुन्हा पाव फेरा. टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालतो, हा शब्द मी आयटीआयमध्ये ऐकला, अर्थ मला तिथं जायच्या आधीच कळला होता.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी सर स्टिकांचा गठ्ठा घेऊन आले. बुटासकट वाकून उभं राहिल्यावर पाठ आणखी न वाकवता ती जमिनीवर सपाट टेकली पाहिजे, अशी एकेकाला मापून दिली. मला वाटलं होतं, मिळाल्या मिळाल्या सणसणीत मारणार. मी एका हातात धरून बॉल ढकलत निघालो आणि अर्धं कोर्ट गेल्यावर लक्षात आलं, मी पायांकडं बघितलंच नव्हतं.

हा मजकूर द्यायला गेल्या आठवड्यात शाळेत आलो. मागं कोर्टावर चार पोरं स्केटवर होती, खांबासारखी ताठ. मी कुंपणाबाहेरून ओरडलोच, "बग्गिसु!" एक वाकलं. बाकीची तिघं कोण ओरडलं म्हणून मागं वळली, आणि त्यातलं एक माकडहाडावर बसलं.